पचनसंस्थेतील एका दुर्मिळ अर्बुदाची ओळख
(हिवरे बाजार येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या गावात आधी पाऊस मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पाण्याचा ताळेबंद मांडल्यावरच कोणते पीक घ्यावयाचे ते ठरते. आज ज्या आजाराविषयी बोलावयाचे आहे, त्यातही मोजमाप आधी आणि निर्णय नंतर, असाच क्रम आहे. मी वैद्य नव्हे; तज्ज्ञांचे म्हणणे सुबोध करून सांगणे एवढेच माझे काम.

अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपला आजार जाहीर केला, तेव्हा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव घरोघरी पोहोचले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘न्यूरो’ या शब्दावरून अनेकांनी हा मेंदूचा रोग मानला. पण तसे नाही. जठर, आतडी व स्वादुपिंड यांत विखुरलेल्या काही पेशी चेतापेशींप्रमाणे संदेश घेतात आणि संप्रेरके स्रवतात. त्यांची बेसुमार वाढ म्हणजे हे अर्बुद.

१९०७ साली ओबर्नडॉर्फर या जर्मन वैद्याने त्यास ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे, असे नाव दिले. ही अर्बुदे निरुपद्रवी असतात, असा त्याचा समज होता. पुढे १९२९ मध्ये त्यानेच तो दुरुस्त केला; परंतु नाव मात्र दीर्घकाळ टिकले आणि घोटाळाही.

आज केवळ नावावर भागत नाही. पेशी मूळच्या पेशींशी कितपत साम्य राखून आहेत आणि त्या किती वेगाने विभागत आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते. वेगासाठी ‘केआय-६७’ हा निर्देशांक वापरतात. तो ३ टक्क्यांहून कमी असल्यास पहिली श्रेणी, ३ ते २० टक्के असल्यास दुसरी आणि २० टक्क्यांहून अधिक असल्यास तिसरी. पेशींचे साम्यच नष्ट झाले असेल तर तो न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, अत्यंत वेगवान रोग. तिसरी श्रेणी व कार्सिनोमा पूर्वी एकाच गटात मोडत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणाने पचनसंस्थेपुरते ते वेगळे केले. हा भेद कागदी नाही. कार्सिनोमास सहसा तातडीने रसायनोपचार लागतात. पहिल्या श्रेणीचे लहान अर्बुद शस्त्रक्रियेने पूर्ण निघू शकते, क्वचित नुसत्या देखरेखीवरही ठेवतात. ‘कॅन्सर’ हा एक शब्द ऐकून जमीन विकावयास निघालेल्या कुटुंबाने प्रथम श्रेणी विचारावी.

निदानास विलंब होतो, कारण लक्षणे ओळखीची असतात. वारंवार जुलाब, चेहरा एकाएकी लाल होऊन तापणे, पोटदुखी. स्वादुपिंडातील एका प्रकारात इन्सुलिन अधिक स्रवते. उपाशीपोटी माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, बेशुद्ध पडतो. त्यास फेफरे समजतात, कोठे बाहेरची बाधाही ठरवतात. अशा वेळी अंगाऱ्यापेक्षा रक्तातील साखर तपासणे अगत्याचे.

रक्तातील क्रोमोग्रॅनिन तपासताना आम्लपित्ताच्या काही गोळ्यांमुळे आकडा खोटा वाढतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांस सांगावीत. चोवीस तासांच्या लघवीची तपासणी असेल तर आधीचे काही दिवस केळी, अननस, टोमॅटो व अक्रोड वर्ज्य करावयास सांगतात. अर्बुद कोठवर पसरले आहे ते गॅलियम-६८ वापरून केलेल्या पेट स्कॅनमध्ये दिसते. ही सोय मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात आहे. तथापि अंतिम निर्णय बायॉप्सीचाच.

नगरहून पुण्यास, पुण्याहून मुंबईस जाताना रुग्णाजवळ बहुधा औषधांच्या चिठ्ठ्या असतात, बायॉप्सीचा अहवाल नसतो. अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळाही न्यावा. तो जवळ नसल्यास जेथे तपासणी झाली तेथे अर्ज करून मागता येतो आणि त्यावरून श्रेणी पुन्हा पडताळता येते.