‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

(अहिल्यानगर येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आपला नगर जिल्हा साखरेचा, तसाच दुधाचा. भल्या पहाटे गावोगावच्या संकलन केंद्रांवर किटल्यांची रांग लागते. त्याच घरातील आजोबांच्या पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, नावे आठवत नाहीत. आणि सारे घर एकमुखाने निदान करते, ‘वय झाले!’ या निदानाला पैसे पडत नाहीत, म्हणूनच ते इतके लोकप्रिय असावे.

वय होतेच, पण हीच लक्षणे बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचीही असतात. आपली बाजरीची भाकरी आणि पालेभाजी कितीही सकस असली, तरी त्यांत बी-१२ नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते, आणि दुभत्या घरातही दूध डेअरीला जाऊन आजोबांच्या वाट्याला चहापुरतेच उरते. त्यात उतारवयात जठरातील आम्ल घटले की अन्नातील बी-१२ नीट सुटे होत नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा पित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हा धोका अधिक वाढतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे तुमच्या-आमच्याच घरांत!

याचा अर्थ परदेशस्थ चिरंजीवांनी पाठविलेल्या रंगीत गोळ्यांच्या बाटल्या रिकाम्या कराव्यात, असा मात्र नव्हे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षे रोज ‘ड’ जीवनसत्त्व घेऊनही हाडे मोडण्याचे प्रमाण घटले नाही. ते लोक अभाव पाहून निवडलेले नव्हते, हे ध्यानात घ्यावे. महिनोन्‌महिने उंबरठ्याबाहेर ऊन न पाहिलेल्या आजींना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. अभाव असेल तर गोळी हे औषध. नसेल तर बहुधा तो केवळ खर्च.

एक धोका मात्र आवर्जून सांगतो. अशक्तपणासाठी मनाने आणलेल्या टॉनिकमध्ये फॉलिक आम्ल असले आणि बी-१२ नसले, तर रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. ती फार लांबली तर पुढे इंजेक्शने घेऊनही पूर्ण भरून येत नाही. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे, टॉनिक नंतर. मधुमेहाची गोळी चालू असणाऱ्यांनी पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे बी-१२ची चौकशी स्वतःहून करावी.