झाकलेले नाव आणि खरी चव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही द्राक्षमद्याविषयी, म्हणजे वाइनविषयी, बोलणार हे ऐकून काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील. त्यांनी निश्चिंत असावे. पेयाचा प्रचार करण्याचा आमचा हेतू नाही. वाइन चाखून मत देणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्या समीक्षकांच्या मताला मोल कशामुळे येते, एवढाच आमचा विषय आहे. गोपनीय अहवाल लिहिण्यात आणि त्यांची धास्ती बाळगण्यात ज्यांची हयात गेली, त्या आम्हा सरकारी नोकरांना हा प्रश्न परका नाही.

१८५५ साली पॅरिस येथे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी फ्रान्समधील बोर्दो प्रांतातील दलालांनी तेथील नामवंत तांबड्या वाइनींची पाच श्रेणींत प्रतवारी लावली. आधार मुख्यतः बाजारभावाचा होता. भावावरून श्रेणी ठरली आणि पुढे श्रेणीवरून भाव ठरू लागला! ही यादी जवळजवळ अढळ राहिली. मुतों रोथशील्ड या उत्पादकाला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत जाण्यासाठी १९७३ साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल ११८ वर्षे! बढतीची वाट पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी यातून धीर घ्यावा.

या अढळपदाला धक्का बसला तो २४ मे १९७६ रोजी. पॅरिसमधील इंग्रज वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन एकत्र मांडून परीक्षा घेतली. ज्यांचे गुण धरले गेले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते आणि त्या क्षेत्रातील मातब्बर होते. मात्र कोणत्या पेल्यात कोणाची वाइन आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते. एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाची वाइन चाखून, आता आपण फ्रान्सला परतलो, अशा अर्थाचे उद्गार काढले! निकाल लागला तेव्हा पांढऱ्या वाइनींत शातो मोंतेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप या कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या होत्या. नुकतीच बढती मिळालेल्या मुतोंची १९७० सालची वाइन दुसरी आली.

एका दुपारच्या निकालाने थोरवी ठरत नाही, गुणांतील अंतर थोडे होते आणि फ्रेंच वाइन मुरल्यावरच खुलते, असे आक्षेप निघाले. ते विचारार्ह होतेच. म्हणून तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाइनींची पुन्हा परीक्षा झाली. त्या वेळी तर पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले.

नाव झाकले की मत मोकळे होते, हा याचा बोध. परंतु मोकळे मतही पुढे सत्ता बनू शकते. अमेरिकेतील रॉबर्ट पार्कर या वकिलाने १९७८ साली वाइनसमीक्षेचे पत्र काढले. त्यांनी जाहिराती घेतल्या नाहीत आणि शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. ग्राहकाला निःस्पृह सल्लागार लाभला. मात्र हळूहळू दुकानदार चवीऐवजी गुणच सांगू लागले आणि काही उत्पादक पार्कर यांच्या जिभेला रुचेल अशीच वाइन घडवू लागले, अशी टीका झाली. आमच्या मते दोष एकट्या समीक्षकाचा नव्हे. स्वतःची जीभ गहाण टाकणाऱ्या ग्राहकाचाही तो आहे.

आता थोडे आपल्याविषयी. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले आणि नाशिकच्या द्राक्षांची वाइन देशभर पोहोचली. तिच्याबद्दल दोन मते हटकून ऐकू येतात. आपली म्हणून ती उत्तम, हे एक. फ्रान्सची नाही म्हणून ती सामान्य, हे दुसरे. दोन्ही मते बाटलीवरची चिठ्ठी वाचून दिलेली आहेत. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्याला पहिल्याचा मोह अधिक होतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण नाशिकच्या शेतकऱ्याचे हित आंधळ्या कौतुकात नाही. नाव झाकूनही जी टिकेल अशा गुणवत्तेतच ते आहे.

आपले मंडळ पन्नास वर्षे स्पर्धा भरवीत आले आहे. निबंध असो वा पुरणपोळी, परीक्षकांपुढे नाव न जाता केवळ क्रमांक जावा, एवढी नम्र सूचना करून आम्ही आपली रजा घेतो.