रेषा कंपनीची, यातना जनतेच्या



दोन देशांत सीमेवरून तंटा उभा राहिला की राज्यकर्ते इतिहासाचे दाखले देऊ लागतात. ती रेषा मुळात कोणी व कशासाठी आखली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. १९१४ साली सिमल्यात मॅकमहोन रेषा ठरली. १९४७ साली रॅडक्लिफने काही आठवड्यांत पंजाब व बंगाल चिरले. रेषेवर राहणाऱ्या माणसाचे मत दोन्ही वेळा कोणी घेतले नाही.

हे समजण्यासाठी कोल्हापूरकरांना दूर जावयास नको. निपाणी उंबरठ्यावरच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली व दक्षिणेचा मुलूख कंपनीच्या हाती गेला. १८३६ साली धारवाड जिल्हा तोडून बेळगाव जिल्हा निर्माण झाला. ही विभागणी कारभाराच्या सोयीची होती; भाषेचा विचार तीत नव्हता. मुंबई इलाख्यात मराठी व कन्नड रयत एकाच कारभाराखाली होती, तोवर त्या रेषेचा काच फारसा जाणवला नाही.

तो जाणवला स्वराज्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मात्र त्यातला चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला. आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे कंपनीने आखलेला जिल्हा मोडता येत होता! मग चंदगडला मिळालेला न्याय निपाणी-खानापूरला का नाकारला गेला? १९६७ च्या महाजन अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. जून १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे बळी पडली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा, हीच न्यायाची कसोटी होय. परंतु ती एकतर्फी लावता येणार नाही. अक्कलकोट व जत तालुक्यांतील कन्नडभाषक गावांनाही तेच माप लागले पाहिजे. हे मान्य करण्याचे धैर्य नसेल, तर बेळगावची मागणी न्यायाची न राहता केवळ मुलखाची होते.

निपाणीच्या विडी कारखान्यांत विड्या वळणाऱ्या स्त्रीची मजुरी तिची भाषा पाहून वाढत नाही. मराठी व कन्नड कष्टकऱ्यांना एकमेकांवर सोडणे, हेच त्या जुन्या रेषेचे खरे राज्य आहे. ते संपविणे हे समाजवाद्यांचे काम आहे.