छत्री, पेटी आणि वीज

आमची शाळा कारखान्याच्या फाटकाशी. विजेचे ज्ञान आम्हांला तारतंत्री सोबत्यांनी दिले. तेवढ्या शिदोरीवर बोलतो.

२००३ साली देशात घरगुती छत्रीची सेवा सुरू झाली आणि सातारा-सांगलीच्या चाळींवरही छत्र्या उगवल्या. ऑगस्ट २०१९ चा कृष्णेचा पूर ओसरल्यावर सांगलीत एका हमाल मित्राच्या घरी काही वाहिन्या दिसत, काही नाहीत. दुकानदार म्हणाला, पेटी नवी घ्या. म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी!

पण काहीच का गेल्या? छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या यंत्राला पेटीच त्याच तारेतून वीज पुरवते: उभ्या लहरींसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. १८ पोचले नाहीत, तर आडव्या जाणारच.

मीटर लावला. पेटीपाशी १८ नीट. वर छपरावर तार मोकळी सोडली, तरी १८! यंत्र जोडताच मात्र १४. भाराशिवायचे मोजमाप फसवे असते; संपाच्या सभेत हात वर करणारेही पुष्कळ असतात. जोडात पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते. मुख्य बटण बंद केले, वीतभर तार कापली, नवा जोड बसवून वर रबरी पट्टी गुंडाळली.

पेटी जुनीच राहिली. दुकानदाराने आम्हांला पुढे नमस्कार करणे सोडले.