ब्युरेटजवळचा माणूस



मृदाशास्त्रातल्या सहकाऱ्यांच्या या सभेत अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. जेवणाची वेळ झाली आहे, म्हणून प्रास्ताविक इथेच आटोपतो.

एका हेक्टरच्या नांगरटीच्या थरात साधारण २२ लाख किलो माती असते. सेंद्रिय कर्बासाठी आपण त्यातली एक ग्रॅम तपासतो. त्या एका ग्रॅमवर शेतकऱ्याची खताची मात्रा ठरते, आणि तो नमुना कुठून आला हे पुष्कळदा आपल्याला ठाऊकही नसते. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती कॅरीबॅगेत बांधून आलेली मी पाहिली आहे. अशा मातीवर कितीही महागडे यंत्र लावा, उत्तर उकिरड्याचेच येणार.

हा कर्ब मोजायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ची. डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल मातीवर ओतले की फ्लास्क हाताला चटका देण्याइतका तापतो. अर्धा तास थांबायचे, मग पाणी, फॉस्फोरिक आम्ल, डायफिनाइलअमाइनचे थेंब. जांभळट निळा रंग पुढे ब्युरेटमधून पडणाऱ्या एका थेंबात हिरवा होतो. तो थेंब नेमका ओळखणारा प्रयोगशाळा सहायक मला पहिल्या नोकरीत भेटला. दिवसाला पन्नासेक नमुने करायचा, बोटांवर आम्लाचे डाग. माझा तो थेंब, म्हणजे अंत्यबिंदू, दर वेळी पुढे जायचा. तो काही न बोलता फ्लास्क काढून घ्यायचा आणि पुन्हा करायचा. तो निवृत्त झाला. ते पद आजही रिकामे आहे.

त्याच प्रयोगशाळेत जस्त-लोह मोजायला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचे यंत्र आले. फीत कापली, पेढे वाटले. त्यानंतर आठ महिने ॲसिटिलीनचे सिलिंडर आले नाही. यंत्र भांडवली खर्चात बसले होते, सिलिंडर आवर्ती खर्चात बसायला हवे होते, आणि त्या शीर्षाखाली शिल्लक नव्हती. आम्ही यंत्रावर प्लास्टिकचे कव्हर घातले. पाहुणे आले की काढायचे, गेले की घालायचे. सभागृहातले हसू ऐकून कळते की हे माझ्याच वाट्याला आले नव्हते.

यंत्रापलीकडे पाहणारा एक माणूस इथे आठवतो. हॅरॉल्ड मान १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माणूस मूळचा रसायनशास्त्राचा. पण ते पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरला गेले आणि तिथली माती, विहिरी, जमिनीचे तुकडे, लोकांची कर्जे तपासून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आज त्या गावात टोलेजंग इमारती आहेत, ते सोडा. रसायनशास्त्रज्ञाला मातीसोबत कर्जही मोजावेसे वाटले, याचे मला अप्रूप वाटते. आपण मात्र शेतकऱ्याला जमिनीची आरोग्यपत्रिका देतो, बारा घटकांची. त्यातला 'सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के' हा आकडा वाचून त्याने नेमके काय करायचे? किती गाड्या शेणखत टाकायचे, युरियाच्या गोण्या कमी करायच्या की वाढवायच्या, हे त्याच कागदावर साध्या मराठीत लिहायला आपले हात का अडतात?

राहुरी, अकोला, परभणी, दापोली, चारही विद्यापीठांतली माणसे इथे आहेत. समारोपात ठराव होतील, नव्या यंत्रांची मागणीही होईल. माझी त्याला हरकत नाही. पण त्या यंत्राच्या प्रस्तावात पाच वर्षांचा गॅस, दिवे, दुरुस्ती आणि ते चालवणारे एक भरलेले पद धरलेले नसेल, तर तो ठराव मंजूर करू नका. अध्यक्ष म्हणून माझे मत त्याच्या विरोधात नोंदवून ठेवा.