लग्नमंडपातील पाहुण्यांचा पोशाख
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या प्रांताचे नाव वऱ्हाड आणि लग्नास निघालेल्या मंडळींचे नावही वऱ्हाडच! तेव्हा लग्नास कसे जावे हे बुलढाणेकरांना इतरांनी शिकवावे असे नाही. तथापि अलीकडे मंडपात जे दिसते त्याविषयी चार शब्द बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे. त्यातील वस्त्रे पाहा. वधूवरांमध्ये धरला जाणारा अंतरपाट म्हणजे साध्या कापडाचा तुकडा; त्यावर फार तर कुंकवाचे स्वस्तिक. मामाकडून येणारी अष्टपुत्री हळदी रंगाची, साध्या पोताची. ज्या वस्त्रांवाचून लग्न लागत नाही ती अशी. आणि ज्यांच्यावाचून काहीच अडत नाही ती आम्हां पाहुण्यांची वस्त्रे मात्र डोळे दिपविणारी!

याचा भार कोणावर पडतो? कोरडवाहू शेतीवर गुजराण करणाऱ्या आपल्या आप्तांवर. नेसावयास धड लुगडे नाही म्हणून कित्येक भगिनी सख्ख्या भाचीच्या लग्नास येत नाहीत. निरोप मात्र प्रकृती बरी नसल्याचा येतो. कोणी शेजारणीचा दागिना उसना आणते आणि तो हरवू नये म्हणून मंगलाष्टके संपेपर्यंत गळाच चाचपीत बसते. तिच्या हातून अक्षता पडतात, पण आशीर्वादाकडे चित्त कुठले?

सभ्यतेचा उपदेश केवळ स्त्रियांस करण्याची आमची इच्छा नाही. अंग झाकलेले असावे, पदर सावरलेला असावा, हे खरेच. परंतु बोडख्याने, पायांत जोडे घालून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून अक्षता फेकणारे कोण? ते तर आम्ही पुरुषच. टोपी वा फेटा नसेल तर खांद्यावरचे उपरणे डोक्यावर घेता येते.

आणि कापसाच्या मुलखात वस्त्राची चिंता कसली? १८७० साली जलंबहून खामगावास आगगाडीचा फाटा आला तो कापसासाठीच. त्याच भूमीत आपण वैशाखाच्या उन्हात कृत्रिम धाग्याची चकचकीत वस्त्रे लेवून घामाघूम होतो! स्वच्छ धुतलेले सुती वस्त्र सोवळ्याइतके नसले तरी मंडपास पुरेसे पवित्र आहे.

साधेपणाने कार्यास उणेपणा येतो असे म्हणणाऱ्यांनी २५ डिसेंबर १८७३ रोजी झालेला सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह आठवावा. फुले दांपत्याच्या पुढाकाराने तो अत्यल्प खर्चात पार पडला. जोतीरावांचे चरित्र पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली प्रसिद्ध केले ते आपल्याच चिखलीहून, हेही स्मरणात असावे.

लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असे आपण छापतोच. त्याखाली ‘नित्याच्या स्वच्छ वस्त्रांत यावे, ही विनंती’ एवढी एक ओळ यंदाच्या लग्नसराईपासून घालावी, अशी सूचना आम्ही या सभेपुढे मांडतो. आरंभ सधन घरांनी करावा. गरिबाने ती ओळ छापली तर लोक तिचा भलताच अर्थ घेतील.