नव्या काट्यावर नजर ठेवा

(मिठबाव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग येथे आलेल्या कोरडवाहू भागातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून तुम्ही समुद्रापर्यंत आलात. आम्ही मिठबावची माणसे हापूसवाली. तुमचे पीक पावसाची वाट बघत करपते. आमच्याकडे पाऊस भरपूर, पण अवकाळी आली की मोहोर गळतो. तरी पंपात जाणारे औषध दोघांचे एकच. बोंडअळीवर तुम्ही सायपरमेथ्रिन मारता, तुडतुड्यांवर आम्ही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घालेपर्यंत एन्डोसल्फानही दोघांनी वापरले. म्हणून आज बोलायचे ते दोघांच्याही कामाचे आहे.

काटा कोणाच्या हातात, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न. कापसाची प्रत, ओलावा, घट हे सगळे मोजणार दुसरा आणि नुकसान सोसणार आपण. आता आणखी एक काटा आला आहे. तो मालात उरलेले औषध तोलतो. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. हिशेब मांडा: हजार क्विंटल ज्वारीत एक ग्रॅम!

इतके थोडे सापडते कसे? त्यासाठी प्रयोगशाळेत जी यंत्रे आहेत, त्यांतल्या एका पद्धतीचे नाव लांबलचक आहे : इलेक्ट्रॉन कॅप्चर केमिकल आयोनायझेशन मास स्पेक्ट्रोमेट्री. नावाला घाबरू नका. मालाचा अर्क काढतात आणि तापवलेल्या, केसासारख्या बारीक नळीतून सोडतात. त्यातले पदार्थ एकामागून एक बाहेर पडतात आणि मिथेन वायू भरलेल्या कोठडीत शिरतात. गोबरगॅसमध्ये असतो तोच मिथेन. तिथे तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात. ते वेगात असतात, पण मिथेनवर आदळून आदळून मंदावतात. असा मंद इलेक्ट्रॉन क्लोरीन किंवा ब्रोमीन असलेला रेणू चटकन पकडतो आणि त्याच्यावर ऋण भार येतो. तेल, मेण, साखर यांना ते सहसा जमत नाही. यंत्र फक्त ऋण भार असलेलेच तोलते, म्हणून बाकीचा गोंगाट बंद होतो आणि औषधाचा बारीक आवाजही ऐकू येतो.

मंद इलेक्ट्रॉन पकडण्याच्या गुणावर चालणारे उपकरण जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ साली बनवले. ते 'कोणीतरी इलेक्ट्रॉन पकडला' एवढेच सांगे. कोणी पकडला ते सांगत नसे. १९७६ साली अमेरिकेत डोनाल्ड हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋण भाराचे कण तोलून दाखवले, तेव्हा चोराचे नावही कळू लागले. क्लोरीनचे अणू ३५ आणि ३७ अशा दोन वजनांचे, साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. त्यामुळे सायपरमेथ्रिनचा तुकडा काट्यावर एक ठरावीक ठसा उमटवतो. हा ठसा आणि नळीतून बाहेर पडण्याची वेळ, दोन्ही जुळली तरच औषध सापडले असे म्हणायचे.

आमचा माल निर्यातीचा नाही, आम्हाला काय त्याचे, असे तुम्ही म्हणाल. पण सरकीची पेंड आणि कडबा तुमचीच जनावरे खातात. डीडीटी, बीएचसी ही औषधे चरबीत साठतात आणि दुधातुपात उतरतात. ज्वारीच्या कणसावर बीएचसीची भुकटी धुरळल्याचे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९९७ साली तिच्यावर बंदी आली, पण मातीतले असले औषध बंदीच्या कागदाने जात नाही.

या काट्यालाही मर्यादा आहेत. २०१० साली महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली. कारण होते क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारे रसायन. निर्यातीआधी ज्या औषधांसाठी द्राक्षे तपासली जात, त्या यादीत हे नाव नव्हते. रिपोर्ट स्वच्छ आणि कंटेनर अडकलेला! हे रसायन मिठासारखे असल्याने नळीतून वाफ होऊन जात नाही. त्याला दुसरे यंत्र लागते. तणनाशक ग्लायफोसेटही या नळीतून थेट जात नाही. म्हणजे 'सापडले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. जे शोधले, तेवढेच सापडले नाही.

दुसरी बाजूही पाहा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. अशा वेळी बाटलीत खरोखर काय होते, हे सांगणारा साक्षीदार लागतो. 'जैविक' म्हणून विकलेल्या बाटलीत रासायनिक औषध मिसळलेले असले, तर शेतकऱ्याने निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे कशावर? तिथे योग्य यंत्र हाच आपला साक्षीदार. शत्रू यंत्र नाही. ते एकाच्याच हातात राहणे हा आपला प्रश्न आहे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत :

१. प्रत्येक रिपोर्टवर कोणती औषधे शोधली, कोणत्या यंत्राने आणि किती बारीक मर्यादेपर्यंत, हे मराठीत लिहिलेले असावे.

२. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार दुकानातल्या औषधाचा नमुना घेताना त्याचे तीन भाग करतात आणि एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला परत देतात. शेतकऱ्याच्या मालाच्या नमुन्यालाही हाच न्याय लावा.

३. शेतकऱ्यांना गट करून, परवडणाऱ्या दरात, जिल्ह्यातच तपासणी करून घेता आली पाहिजे.

आणि एक काम आपले स्वतःचे. फवारणीची वही ठेवा : तारीख, औषध, बॅच नंबर, प्रमाण. दुकानाची पावती आणि रिकाम्या डब्यावरचे लेबल जपून ठेवा. नमुना घ्यायला कोणी आले तर सही करण्याआधी आपला भाग मागून घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ही वही बरोबर आणा. तोलणाऱ्याशी हिशेबाने बोलायचे, तर आपल्याकडेही हिशेब लिहिलेला पाहिजे.